तारखा चुकल्या, ते जाऊ द्या

मध्ययुगातल्या उत्तर युरोपच्या दर्यावर्दी लुटारूंवरच्या ‘व्हायकिंग्ज’ या मालिकेचे दोन कट्टर चाहते एकत्र आले, की गप्पा फिरून फिरून कॅटेगॅटवर येतात. मालिकेतलं कॅटेगॅट हे नॉर्वेतल्या एका फ्योर्डकाठचं गाव. रॅग्नार लॉथब्रोक तिथून पश्चिमेला जहाज हाकारतो आणि पुढे तिथलाच राजा होतो. नकाशा उघडला तर कॅटेगॅट म्हणजे डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधला समुद्र. मग दुसरा चाहता उप्साला काढतो. पडद्यावर ते डोंगरातलं देवस्थान आहे. प्रत्यक्षातलं गाम्ला उप्साला सपाट शेतांच्या मधोमध आहे आणि तिथे दिसतात ते थडग्यांचे मोठे मातीचे उंचवटे. तिसरा कुणी असेल तर तो रोलोचा हिशेब मांडतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न मठावर धाड पडली ७९३ साली आणि फ्रँक राजाने रोलोला नॉर्मंडीचा मुलूख तोडून दिला ९११ साली. मालिकेत रोलो दोन्हीकडे हजर. धाडीच्या वेळी तो २० वर्षांचा धरला, तरी नॉर्मंडीचा धनी होताना त्याचं वय १३८ भरतं. शिवाय तो रॅग्नारचा सख्खा भाऊ.

मला हे वाद आवडतात. आल्फ्रेड राजाला अथेलस्टन नावाच्या भिक्षूचा मुलगा केला म्हणून चिडलेला माणूस नवव्या शतकातल्या वेसेक्स या इंग्रज राज्याची वंशावळ धुंडाळत बसतो, तेव्हा त्या मालिकेने त्याच्याकडून जे करवून घेतलं ते कुठल्याच पाठ्यपुस्तकाला जमलेलं नसतं. माझी तक्रार वेगळी आहे. चाहते तपासनीस म्हणून उत्तम आहेत, पण ते चुकीची वही तपासत आहेत. या मालिकेने इतिहासाचं जे खरं नुकसान केलं, ते तारखांच्या रकान्यात सापडणारच नाही.

आधी तारखांचं निकालात काढू. मालिका मार्च २०१३ मध्ये ‘हिस्टरी’ वाहिनीवर सुरू झाली आणि ६ सीझन, ८९ भाग चालून २०२० च्या अखेरीस संपली. तिचे कर्तेधर्ते मायकल हर्स्ट यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, की त्या काळाबद्दल खात्रीने कुणालाच फारसं ठाऊक नाही, आणि मूठभरांऐवजी लाखो प्रेक्षक हवे असतील तर सूट घ्यावी लागते. मला हे पटतं. व्हायकिंगांनी स्वतःच्या हाताने मागे ठेवलं ते रून लिपीतले त्रोटक शिलालेख आणि काही कवनं. त्यांच्या गाथा, म्हणजे सागा, लिहिल्या गेल्या त्या आइसलंडमध्ये, मुख्यतः तेराव्या शतकात, ख्रिस्ती झालेल्या वंशजांकडून, मूळ घटनांनंतर तीन-चारशे वर्षांनी. ढाल घेऊन लढणाऱ्या लागेर्थाची गोष्ट सांगणारा डॅनिश इतिहासकार साक्सो ग्रामाटिकुस १२०० च्या आसपासचा. खुद्द रॅग्नार होऊन गेला की नाही, इथूनच प्रश्न आहे. ८४५ मध्ये पॅरिसवर चालून गेलेला आणि ७,००० पौंड चांदी घेऊन परतलेला रेगिनहेरी नावाचा म्होरक्या फ्रँकांच्या नोंदींत भेटतो. तोच हा, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

बखरी चाळलेल्या मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटू नये. बखरीत प्रसंग रंगतो, संवाद रंगतात, आकडे फुगतात, आणि माणूस मात्र कधीकधी अगदी खरा सापडतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून अस्सल पत्रं छापायला घेतली, ती बखरींवर विसंबून भागत नाही हे कळल्यामुळेच. सागांच्या बाबतीत पंचाईत एवढीच, की त्यांच्या शेजारी ठेवून पडताळायला व्हायकिंगांच्या घरचं अस्सल दप्तरच नाही. अशा साधनांवर उभी राहिलेली मालिका दोन शतकं एका पिढीत कोंबते, चार माणसांचा एक माणूस करते. सागा रचणाऱ्यांनीही तेच केलं होतं. जाऊ द्या.

आता रक्तगरुडाकडे या. दुसऱ्या सीझनमध्ये यार्ल (म्हणजे सरदार) बोर्गला ही शिक्षा होते: पाठ फाडायची, बरगड्या मोकळ्या करायच्या, फुप्फुसं बाहेर काढून खांद्यांवर पंखांसारखी टाकायची. मशालींचा उजेड, रॅग्नारच्या अंगावर पांढरे कपडे, जमलेले लोक चूप. चाहत्यांच्या आठवणीतला हा एक बिनीचा प्रसंग. त्याचा आधार काय? अकराव्या शतकातल्या सिग्वात्र कवीची एक गुंतागुंतीची ओळ, रॅग्नारचा मुलगा मानल्या जाणाऱ्या इव्हारने इंग्लंडमधल्या एल्ला राजाच्या पाठीवर गरुड कोरला अशी; आणि पुढच्या शतकांतल्या लेखकांनी तिच्यावर एकावर एक चढवलेले तपशील. रॉबर्टा फ्रँक या अभ्यासिकेने १९८४ मध्ये मांडलं, की मूळ ओळीत बहुधा रणांगणावर प्रेताची पाठ फाडणारा खराखुरा गरुड आहे आणि नंतरच्यांनी कवितेचा अर्थ भलताच लावला. वाद अजून मिटलेला नाही. पण एवढं नक्की, की हा पुरावा फार पातळ आहे.

ज्याचा पुरावा इतका पातळ, ते मालिकेने सर्वांत सावकाश, सर्वांत तपशिलात दाखवलं. आणि ज्याचा पुरावा आयर्लंडपासून व्होल्गा नदीपर्यंत पसरला आहे ते पार मागे ढकललं. मी माणसांच्या विक्रीबद्दल बोलतो आहे.

आयर्लंडमधल्या मठांत वर्षवार टिपणं ठेवायची पद्धत होती. आल्स्टरच्या अशा नोंदींत ८२१ सालाखाली एक लहानसं वाक्य आहे: परधर्मीयांनी एटार, म्हणजे डब्लिनजवळचं आजचं हाउथ, लुटलं आणि पुष्कळ बायका धरून नेल्या. सोनं नाही, चांदी नाही. बायका. त्याच नोंदींत ८७१ साली ओलाफ आणि इमार हे दोन राजे स्कॉटलंडकडून २०० जहाजं घेऊन डब्लिनला परतले, आणि त्यांच्याबरोबर इंग्रज आणि त्या बेटावरचे जुने रहिवासी असलेल्या ब्रिटन व पिक्ट लोकांमधल्या कैद्यांची मोठी लूट होती, असं लिहिलं आहे. यातल्या इमारला अनेक अभ्यासक ‘अस्थिहीन इव्हार’ मानतात. हा तोच इव्हार, ज्याच्या निळ्या डोळ्यांवर, कुबड्यांवर आणि रथावर मालिकेचे शेवटचे दोन-अडीच सीझन तोलले गेले आणि ज्याच्या क्रूरपणाचं मूळ अधू पायांत की आईच्या लाडांत यावर चाहते रात्र रात्र खल करतात. मालिकेतला इव्हार यॉर्क जिंकतो, कीव्हला जातो, वेसेक्समध्ये मरतो. डब्लिनच्या धक्क्यावर माणसं उतरवून घेणारा इव्हार मात्र कुठे दिसत नाही. गंमत अशी, की या मालिकेचं घर होतं ते विकलो परगण्यातल्या अ‍ॅशफर्ड स्टुडिओत. डब्लिन तिथून गाडीने जेमतेम तासाभरावर.

पूर्वेकडचा पुरावा याहून बोलका आहे. बगदादच्या खलिफाच्या वकिलातीबरोबर गेलेला इब्न फदलान ९२२ मध्ये व्होल्गाकाठी रुस व्यापाऱ्यांना भेटला. हे उत्तरेचेच लोक. धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यांच्यातला एकेक जण लाकडी मूर्तीपुढे जाऊन काय मागणं मागे, ते त्याने टिपलं आहे: देवा, मी लांबून आलोय, इतक्या दासी आणि इतकी सेबल या प्राण्याची कातडी आणली आहेत, तेव्हा खिशात भरपूर दिनार-दिरहम असलेला आणि घासाघीस न करणारा गिऱ्हाईक धाड. रुसांची ही प्रार्थना मालिकेतल्या कुठल्याही द्रष्ट्याच्या गूढ बोलण्यापेक्षा मला जास्त खरी वाटते, कारण तिच्यात माणूस आपल्या धंद्याची काळजी करतोय. आणि तशी गिऱ्हाइकं येतही होती. १९९९ साली स्वीडनच्या गॉटलंड बेटावर स्पिलिंग्ज इथल्या शेतात ६७ किलो चांदी सापडली, १४,००० च्या वर नाणी, त्यांतली बहुतेक सगळी अरबी दिरहम. ही सगळी काही दासींची किंमत नव्हे, कातड्यांचा आणि इतर मालाचाही व्यापार होता. पण त्या चांदीत माणसांचा वाटा नव्हता असं कुणी म्हणणार नाही.

इब्न फदलानने एका सरदाराचा अंत्यविधीही पाहिला. धन्याबरोबर मरायला एक दासी ‘तयार’ झाली होती. तिला मद्य पाजलं गेलं, धन्याच्या आप्तांनी एकामागून एक तिचा भोग घेतला आणि मग एका म्हातारीने आणि पुरुषांनी मिळून तिला मारलं. बाहेर उभे असलेले लोक ढालींवर दांडकी बडवत होते, कशासाठी, तर तिच्या किंकाळ्या इतर मुलींच्या कानावर जाऊन त्या पुढच्या वेळी बिचकू नयेत म्हणून. पहिल्या सीझनमध्ये यार्ल हॅराल्डसनच्या अंत्यविधीला हेच वर्णन समोर ठेवून प्रसंग रचला आहे. पडद्यावर तो गंभीर आणि भव्य वाटतो. एका परक्या धर्माचं गूढ आपण बघतोय, असं वाटायला लावतो. ढाली बडवण्याचं ते कारण कळलं, की ती भव्यता उरत नाही. म्हणजे मूळ मजकूर लेखकाच्या टेबलावर होता, आणि त्यातलं नेमकं काय उचलायचं हे ठरवून उचललं गेलं.

मालिकेत गुलाम नाहीतच, असं मी म्हणत नाही. आहेत. पण कसे? सर्वांत मोठा गुलाम म्हणजे अथेलस्टन. लिंडिसफार्नहून धरून आणलेला, रॅग्नारने आपल्या वाट्याला मागून घेतलेला. थोड्याच भागांत तो मुलांचा सांभाळ करतो, शेताची राखण करतो, मग धन्याचा जिवलग होतो. दोघांची मैत्री हा मालिकेचा सर्वांत हळवा धागा. मार्गरेथ ही दासी राजपुत्राची बायको होते. म्हणजे ज्यांना नाव आणि चेहरा मिळतो ते गुलाम गुलामीतून वर येतात, आणि जे वर येत नाहीत त्यांना चेहरा मिळत नाही. सुटलेल्याची गोष्ट सांगायची आणि न सुटलेल्यांना गर्दीत उभं करायचं, ही युक्ती जुनी आहे आणि हमखास चालते.

फ्लोकीचंच घ्या. जहाजबांधणीत निष्णात, थोडा चक्रम, चाहत्यांचा लाडका. झाडाला कान लावून तो फळ्या निवडतो, ते दृश्य सुंदर आहे. पण त्या जहाजावरचं शीड कुणी विणलं? एका मोठ्या शिडाला शंभर-दोनशे मेंढ्यांची लोकर लागे, आणि ती पिंजून, कातून, विणून तयार करायला काही बायकांची काही वर्षं जात. हा हिशेब डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या संग्रहालयाभोवती जमलेल्या, जुन्या पद्धतीने जहाजं पुन्हा बांधून बघणाऱ्या लोकांच्या अनुभवातून आला आहे. जहाज वाढलं की शिडं वाढणार, शिडं वाढली की हात लागणार, आणि ते हात आणायला पुन्हा जहाज. धाडींच्या वाढीमागे हे चक्रही होतं, असं अभ्यासक मांडतात. मालिकेत धाडींचं कारण मात्र रॅग्नारचं कुतूहल. त्याला पश्चिमेला काय आहे ते बघायचं असतं, त्याला शेतीसाठी चांगली जमीन हवी असते. लुटारू म्हणून निघालेला माणूस अशा रीतीने शोधयात्री होतो. ७९३ च्या चार वर्षं आधीच, ७८९ च्या सुमारास, उत्तरेची तीन जहाजं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंडला लागली होती आणि चौकशीला गेलेल्या राजाच्या अधिकाऱ्याला त्यांनी मारून टाकलं होतं, हे तिथल्या इतिवृत्तात नोंदलेलं असूनही ‘पश्चिमेला जमीन आहे की नाही’ हे रहस्य मालिकेला हवं होतं. तारखेची ही एक चूक मात्र मी सोडून देणार नाही, कारण ती नायकाचा हेतू बदलते.

यावर ठरलेलं उत्तर असं, की नायक आवडायला हवा; माणसं विकणारा नायक कोण बघेल? पण हाच प्रेक्षक भिक्षूंची कत्तल बघून, रक्तगरुड बघून, तान्ह्या इव्हारला जंगलात टाकून देणारा बाप बघूनही रॅग्नारवर प्रेम करत राहिला. प्रेक्षकाची पचनशक्ती कमी नाही. मला वाटतं, हिंसा पडद्यावर खपते कारण तिच्यात आवेश असतो. बाजारात आवेश नसतो. दात तपासणं, वय विचारणं, भाव करणं, आईला एका जहाजात आणि पोराला दुसऱ्या जहाजात बसवणं, यातून कुणाच्या अंगावर गोंदवून घ्यावंसं वाटेल असं काही निघत नाही. दुसरं उत्तर असं, की गुलामी तेव्हा सगळीकडेच होती. होतीच. इंग्लंडमध्ये होती, आयर्लंडमध्ये होती, आणि बगदादची चांदी होती म्हणून व्होल्गावरचा बाजार होता. पण मग वेसेक्सचा राजा एकबर्ट याचा ढोंगीपणा मालिका इतक्या रसाने का उलगडते? ख्रिस्ती राजांचे हिशेब उघडे करायचे आणि रॅग्नारचे झाकायचे, याला पक्षपात म्हणतात. नाटकाला पक्ष घ्यायची मुभा आहे. प्रेक्षकाने तो पक्ष इतिहास म्हणून घरी नेऊ नये, एवढंच.

आणि तो घरी गेला आहे. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘व्हायकिंग्ज: व्हॅल्हाला’ आली. तिच्यात कॅटेगॅटची सत्ता एस्ट्रिड हाकोन या यार्लकडे आहे आणि ती भूमिका कॅरोलिन हेंडरसन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली. झालं! रोलोची १३८ वर्षं, कॅटेगॅटचा समुद्र, आल्फ्रेडचा बाप, सगळं हसत गिळलेल्या चाहत्यांपैकी कित्येकांना अचानक ऐतिहासिक सत्याची तहान लागली. कातडीचा रंग चुकला म्हणे. २०२० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ४४२ जुन्या सांगाड्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, व्हायकिंग ही एकजिनसी, एकरक्ती जमात नव्हती, दक्षिण युरोपातलं आणि आशियातलं रक्तही त्यांच्यात मिसळलेलं होतं, असा त्याचा निष्कर्ष. हिटलरच्या काळात नाझींच्या एसएस दलाच्या एका तुकडीचं नावच ‘व्हीकिंग’ होतं आणि त्या दलाचा प्रमुख हिमलर याच्या संस्थेने हेडेबी या व्हायकिंगांच्या जुन्या व्यापारी गावी उत्खनन चालवलं होतं, हे आठवलं की शुद्ध उत्तरी रक्ताचा हा हट्ट कुठून येतो ते कळतं.

पण चिडलेल्यांना वंशवादी म्हणून मोकळं होण्याआधी मालिकाकारांनाही एक प्रश्न विचारायला हवा. आयर्लंडच्या एका वृत्तांतात, उशिराच्या प्रतीत टिकलेल्या, असं सांगितलं आहे की ८६० च्या दशकात स्पेन आणि उत्तर आफ्रिकेकडे गेलेल्या टोळीने ‘निळी माणसं’ बंदी करून आणली आणि ती दीर्घ काळ आयर्लंडात राहिली. काळसर कातडीचा माणूस उत्तरेत पोहोचण्याची जी वाट कागदावर सापडते, ती ही आहे, बंदिवानाची. ती वाट न दाखवता थेट यार्लची खुर्ची देणं हे औदार्य दिसतं खरं. त्यानेही त्या बंदिवानांची गोष्ट बुजतेच. जुन्या मालिकेने गुलामीवर गूढतेचं पांघरूण घातलं, नव्या मालिकेने प्रतिनिधित्वाचं.

यावर उपाय म्हणून सूचनापाटी लावा, असं लोक सुचवतात. ब्रिटनचे तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री ऑलिव्हर डाउडन यांनी २०२० मध्ये ब्रिटिश राजघराण्यावरच्या ‘द क्राउन’ या मालिकेबद्दल नेटफ्लिक्सकडे तशी मागणी केली होती; नेटफ्लिक्सने ती फेटाळली. आपल्याकडे तर अशा पाट्यांची सवय इतकी जुनी, की ‘कुणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही’ हे वाक्य आपण वाचतसुद्धा नाही. पाटीने काही होत नाही, कारण पाटी फक्त असं सांगते की दाखवलेल्यातलं काही खोटं असेल. न दाखवलेल्याबद्दल ती काय सांगणार? आणि ‘व्हायकिंग्ज’च्या बाबतीत तर कोपऱ्यात वाहिनीचं नावच ‘हिस्टरी’ असं झळकत होतं.

या मालिकेचे मराठी चाहतेही कमी नाहीत, आणि त्यांच्याशी बोलताना मला एक सोय जाणवते: रॅग्नारशी आपलं नातं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल थंड डोक्याने बोलता येतं. घरच्या इतिहासावरची मालिका आली की चर्चा दागिन्यांवर, पगडीच्या घाटावर, राणीने नाचावं की नाचू नये यावर पेटते आणि तिथेच विझते. पेशवाईतल्या दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदीविक्रीचे, त्यांना किल्ल्यांवर, कोठारांत, गोठ्यांत राबवल्याचे, व्यभिचाराचा ठपका ठेवून बाईला बटीक केल्याचे उल्लेख विखुरलेले आहेत. नऊवारी आणि नथ अचूक असावी म्हणून आपण जिवाचं रान करतो. शनिवारवाड्याच्या सेटवर मागे घागर घेऊन जाणारी ती बाई कोण आणि तिला कितीला घेतली होती, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मराठी चाहत्याने इव्हारचा डब्लिनचा धक्का शोधून काढला, तर ही दुसरी चौकशीही त्याला फार अवघड जाऊ नये.

व्हायकिंगांवरच्या मालिका काही थांबणार नाहीत. प्रेक्षक आहेत, किनारे आहेत, दाढ्या वाढवायला नट तयार आहेत. पुढच्या मालिकेसाठी गोष्ट तयार पडून आहे. आइसलंडच्या वसाहतीची हकिकत सांगणाऱ्या ‘लांडनामाबोक’ या ग्रंथात ती आहे. ‘व्हायकिंग्ज’मध्ये फ्लोकीची आइसलंडमधली वस्ती घराण्यांच्या वैरातून मोडते, या गोष्टीत ती वेगळ्याच हाताने मोडते. ८७४ च्या सुमाराला ह्योर्लेफ नावाचा वसाहतकार आयर्लंडमधून धरलेले दहा गुलाम घेऊन तिथे उतरला. त्याच्याकडे बैल एकच, म्हणून त्याने नांगराला गुलाम जुंपले. गुलामांनी बैल मारला, अस्वलाने मारला अशी आवई उठवली, आणि अस्वल शोधायला पांगलेल्या ह्योर्लेफला आणि त्याच्या माणसांना एकेक करून संपवलं. मग बायका आणि होडी घेऊन ते समोरच्या बेटांवर गेले. ह्योर्लेफचा जिवाभावाचा सोबती इंगोल्फ माग काढत पोहोचला तेव्हा ते जेवायला बसले होते. काही तिथेच मारले गेले, काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या. आइसलंडच्या रानात अस्वलं नव्हतीच, हे कारस्थान रचणाऱ्यांना माहीत होतं की नाही, ते ग्रंथ सांगत नाही. तिथे लेखकाला मोकळं रान आहे. यात नायक कोण, हे ठरवताना त्याला घाम फुटेल. फुटू दे.